दाताच्या मुळाचा रोग : प्रमाण आणि कारणे

दाढ ठणकू लागली की आपण लवंग धरतो, दोन गोळ्या घेतो. चार दिवसांनी ठणका थांबतो. महाळुंग्यात काय, पुणे शहरात काय, रीत हीच. परंतु ठणका थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. सभासद व विद्यार्थी बंधू-भगिनींच्या माहितीसाठी हा विषय आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

रोग कसा होतो? दाताच्या आत दंतमज्जा असते. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. दात किडला की जंतू दंतमज्जेत शिरतात व ती मरते. मग वेदना थांबते, पण जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडापर्यंत जातात. तेथे हाड झिजते, कधी पू होतो. मार लागून तडकलेल्या दातातही असेच घडते. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. जंतुविरहित वातावरणातील उंदरांची उघडी पडलेली दंतमज्जा भरून आली. इतर उंदरांची मेली. मूळ कारण जंतूच, हे त्यावरून सिद्ध झाले.

प्रमाण किती? २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ८० टक्के लोकांचे दात किडलेले आढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार, जवळजवळ निम्म्या प्रौढांच्या किमान एका दाताच्या मुळाशी हा रोग असतो. पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. तो क्ष-किरण फोटोतच दिसतो. रूट कॅनाल केलेल्या दातांतही सुमारे ३९ टक्के दातांत तो आढळला. नळीची सफाई अपुरी राहिली किंवा वरचे भरण गळके झाले, की जंतू पुन्हा वाढतात.

उपाय कोणता? मेलेल्या दंतमज्जेत रक्त पोहोचत नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांनी रोग जात नाही. रूट कॅनाल करून नळी स्वच्छ करावी व दात नीट बंद करून घ्यावा. तो वाचण्याजोगा नसेल तर काढावा. रूट कॅनाल अर्धवट सोडू नये. मिश्री लावणे हा उपाय नव्हे. त्यातील तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गालाला सूज, ताप, गिळताना वा तोंड उघडताना त्रास झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दाताचा खड्डा लहान असतानाच भरून घेतला, तर खर्च थोडा आणि दात आपला राहतो. घरातील वडीलधाऱ्यांची कुठली दाढ पूर्वी ठणकून आपोआप थांबली होती का, हे विद्यार्थ्यांनी आज घरी जाऊन जरूर विचारावे.