बारावीनंतर समाजशास्त्र : कुणी घ्यावं, कसं शिकावं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांमधून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडप्याने. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. एखाद्या दिवशी दोघांपैकी कुणी कामावर आलं नाही तर खाडा लागतो आणि त्याचे पैसे कापले जातात. याच ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण खूप असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली.

डॉक्टर या प्रकाराकडे पाहताना विचारतील, शस्त्रक्रियेची गरज होती का? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे प्रश्न वेगळे असतात. मजुरी जोडप्यावर का ठरते? पाळी, बाळंतपण, आजारपण यांचा खाडा बाईच्या अंगावर कसा येतो? कोयता पुरा व्हावा म्हणून मुलींची लग्नं लवकर लागतात का? फडाजवळच्या खोपटांत पाणी आणि संडास नसणं ही कुणाची जबाबदारी मानली जाते? या टोळ्यांमध्ये कोणत्या जातींची माणसं जास्त आहेत आणि त्यांच्याकडे जमीन किती आहे? एका बाईच्या पोटदुखीमागे कर्ज, लग्नसंस्था, जात आणि साखर उद्योग असे एकमेकांत गुंतलेले दिसू लागतात.

असले प्रश्न ज्या मुलाला किंवा मुलीला आपणहून पडतात, एकदा पडले की त्यांचा पिच्छा सोडवत नाही, त्यांनी समाजशास्त्र जरूर घ्यावं. मार्क कमी पडले म्हणून, मैत्रिणीने घेतलं म्हणून किंवा ‘सोपा विषय आहे, पास व्हायला होतं’ म्हणून घेऊ नये. तसं घेतलेल्या पदवीचा पुढे फारसा उपयोग होत नाही आणि दोष मात्र विषयाला लागतो.

पालकांची धास्ती मला समजते. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग केलं की पुढची वाट निदान डोळ्यांसमोर असते. बी.ए. समाजशास्त्र झालेल्या मुलीसाठी ‘समाजशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. अनेक घरांत आणखी एक गोष्ट न बोलता ठरलेली असते : मुलगी असेल तर आर्ट्स चालेल, मुलगा असेल तर नको. आई-वडिलांनी या गृहीतकाकडे एकदा नीट पाहावं. मुलीच्या कमाईवर घर चालणार नाही असं आपण आधीच ठरवलं आहे का? ठरवलं असेल तर तिच्या पदवीची निवड आपण गांभीर्याने केलेली नाही. मुलगी असो की मुलगा, ही पदवी पोटापाण्याचा विचार करूनच घ्यायची आहे. तो विचार नेमका कसा करायचा, ते पाहू.

आधी अभ्यासात काय असतं ते. पहिल्या वर्षात मूलभूत संकल्पना येतात : कुटुंब, जात, वर्ग, धर्म, सामाजिक स्तरीकरण. पुढे विचारवंत येतात. एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. आत्महत्या ही माणसाची सगळ्यात खासगी कृती वाटते, पण तिचं प्रमाण समूहागणिक बदलतं आणि त्या बदलाची कारणं समाजाच्या घडणीत सापडतात, हे त्यांनी आकडेवारी मांडून दाखवलं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर एवढी वर्षं बोलणाऱ्या आपल्या राज्यातल्या मुलांना हे पुस्तक परकं वाटू नये. मार्क्स आणि वेबर असतात, भारतीय समाजावरचे पेपर असतात, स्त्री-अभ्यास असतो. संशोधन पद्धतीचा पेपरही असतो. पुढे काम देणारा सगळ्यात मोठा पेपर हाच, आणि बहुतेक मुलं त्यालाच सगळ्यात जास्त कंटाळतात.

या विषयाचं आपल्याशी जुनं नातं आहे, ते मुलांना क्वचितच सांगितलं जातं. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्यांच्यानंतर आलेले गो. स. घुर्ये मालवणचे. त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या, एम. एन. श्रीनिवास होते, अ. र. देसाई होते. त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. जातीबाहेर लग्न न होणं हा जातव्यवस्थेचा गाभा आहे आणि तो टिकवण्यासाठी बाईच्या आयुष्यावर बंधनं घातली जातात, ही त्यातली मांडणी आजही ताजी आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. महसूल खात्यात नोकरी करताना पाहिलेलं गाव त्यांनी त्यात बारकाईने लिहून ठेवलं. पदवीच्या पहिल्याच वर्षी एवढं वाचलं, तर वर्गातल्या इंग्रजी संज्ञा हवेत तरंगत नाहीत.

इथे लोणीकंदबद्दल सांगायलाच हवं. पुण्याजवळच्या या गावाची टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या आसपास तपशीलवार पाहणी केली होती : घरं किती, जाती कोणत्या, शेती कशी, कर्ज किती. सव्वाशे-दीडशे वर्षांनी घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० मध्ये पुस्तक काढलं. आज लोणीकंद वाघोलीच्या पुढे, हमरस्त्याला लागून, वाढत्या पुण्याच्या कडेला आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलांनी बसचं तिकीट काढून तिथे जावं. दोन जुन्या पाहण्या हाताशी असताना तिसरी सुरू करायला परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. जमीन कुणी विकली, कुणी राखली, भाड्याच्या खोल्या कुणाच्या आणि त्यांत राहतं कोण, एवढे चार प्रश्न घेऊन वर्षभर काम केलं तरी मुलाखतीत दाखवण्यासारखं काहीतरी तयार होतं. असं गाव प्रत्येक जिल्ह्यात शोधता येतं. नाशिकच्या मुलाला द्राक्षबागा आहेत, चंद्रपूरच्या मुलीला कोळशाच्या खाणी आहेत, मडगावच्या विद्यार्थ्याला खाणबंदीनंतरची गोव्यातली गावं आहेत.

मराठी माध्यमातल्या मुलांना हे मी जास्त आग्रहाने सांगतो. त्यांना वाटतं, इंग्रजी कच्चं म्हणून आपण मागे पडणार. अडचण खरी आहे. आपल्या विद्यापीठांत पेपर मराठीत लिहिता येतो, पण मूळ पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, आणि मग मुलं परीक्षेच्या आदल्या महिन्यात बाजारातलं गाइड उचलतात. गाइडने पेपर सुटतो, विषय हाती लागत नाही. मी सुचवतो तो मार्ग कष्टाचा आहे : रोज इंग्रजीची दोनच पानं वाचायची आणि त्यांचा सारांश मराठीत आपल्या शब्दांत लिहायचा. सुरुवात श्रीनिवास यांच्या ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ने करावी. ते गोष्टीसारखं वाचता येतं. तीन वर्षांत एवढ्याने भाषा उघडते. आणि दुसरी बाजू विसरू नये. ज्या मुलीला बांधावरच्या बाईशी तिच्या बोलीत बोलता येतं, जिला उचल, खाडा, वाटेकरी, सोयरीक या शब्दांमागचे व्यवहार घरातून ठाऊक आहेत, तिला क्षेत्रकार्यात जे ऐकायला मिळतं ते महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला महिनाभर राहूनही मिळत नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच दिंडीतली माणसं जेवायला जातीजातीने वेगळी बसतात हे त्यांनी लिहिलं. ‘परिपूर्ती’तला तो लेख मराठीत आहे.

आता नोकरीचं. आधी अवघड गोष्ट सांगतो. नुसत्या बी.ए.वर या विषयात फार थोड्या जागा आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. स्वयंसेवी संस्थांमधली बरीचशी कामं प्रकल्पापुरती असतात. प्रकल्प संपला की करार संपतो. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., नंतर नेट किंवा सेट अथवा पीएच.डी., आणि त्यानंतरही अनेक जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतात. म्हणून केवळ प्राध्यापकीवर डोळा ठेवून हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

समाजकार्य आणि समाजशास्त्र या दोन वेगळ्या पदव्या आहेत हेही पालकांनी ध्यानात ठेवावं. रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक व्हायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. लागतं. समाजशास्त्रात बी.ए. करून पुढे एम.एस.डब्ल्यू.कडे वळता येतं आणि तो चांगला मार्ग आहे. जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका पदासाठी मात्र पदवीच्या विषयांत समाजशास्त्राचा उल्लेख असतो. ग्रामीण भागातल्या मुलींनी त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

खरी वाढ दिसते ती सर्वेक्षण आणि मूल्यमापनाच्या कामात. यामागे कायदे आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आवश्यक केलं, आणि २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या मोठ्या प्रकल्पांचा परिणाम स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. २०१३ च्याच भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची तरतूद आहे. राज्यांनी काही प्रकल्पांना त्यातून सूट दिली आहे, तरी धरण, रस्ता, झोपडपट्टी पुनर्वसन अशा कामांत घरोघरची पाहणी करणारी, ती तपासणारी आणि तिचा अहवाल लिहिणारी माणसं लागतातच. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते. तिथे लोकसंख्या अभ्यासात पदव्युत्तर शिक्षणही मिळतं. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचं काम पुढची कित्येक वर्षं चालेल आणि जात म्हणजे काय हे न कळता ते करता येणार नाही.

पण या सगळ्या कामांना एक अट आहे : आकड्यांची भीती जायला हवी. आपल्याकडे गणित सुटावं म्हणून मुलं आर्ट्सला येतात आणि तिथेच अडकतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मेजरबरोबर मायनर निवडता येतो. समाजशास्त्र मेजर असेल तर मायनर अर्थशास्त्र घ्या, कॉलेजात सोय असेल तर संख्याशास्त्र घ्या. भूगोलही उत्तम, कारण नकाशे करण्याची संगणकप्रणाली त्यात शिकता येते. मानसशास्त्र आवडीने घेतलं तर हरकत नाही. कौशल्याच्या क्रेडिटमध्ये एक्सेल आणि सर्वेक्षणाचा डेटा हाताळणारं एखादं सॉफ्टवेअर शिकून घ्या. फिल्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग हे आता अभ्यासक्रमाचेच भाग आहेत. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून ते उरकू नका. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर पुढचं एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा हिशेब आधी मांडावा. तीन वर्षांत लगेच कमाई सुरू करावीच लागणार असेल, तर एखादा रोजगाराभिमुख अभ्यासक्रम आधी करून समाजशास्त्र मुक्त विद्यापीठातून किंवा नोकरी करता करता शिकणंही शहाणपणाचं ठरेल.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात. यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात, आणि एमपीएससीच्या राज्यसेवेतही आता वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय आला आहे. समाजशास्त्र त्या यादीत आहे आणि निबंधालाही त्याची मदत होते. हा जादाचा लाभ समजावा. तो विषय घेण्याचं कारण होऊ नये, कारण बहुसंख्य मुलांना तिथे पद मिळत नाही आणि मग हातात काय उरलं हा प्रश्न पंचविशीनंतर पडतो.

पुढच्या शिक्षणासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, गोवा विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू हे पर्याय आहेत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठीची सीयूईटी मराठीतूनही देता येते, हे ग्रामीण भागात अजून फारसं पोहोचलेलं नाही. पदव्युत्तर प्रवेशाची सीयूईटी वेगळी असते. तिचा अर्ज भरण्याची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपासूनच चौकशी सुरू ठेवावी.

आणि कॉलेज निवडताना इमारत आणि नॅकची श्रेणी पाहून परत येऊ नका. समाजशास्त्राच्या विभागात जा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहायला मागा. कुठल्या वस्तीत, कुठल्या गावात जाऊन मुलांनी काम केलं, शिक्षक स्वतः बरोबर गेले का, अहवालात मुलांचे स्वतःचे शब्द आहेत की तीच प्रश्नावली नाव बदलून दरवर्षी फिरते आहे, हे अर्ध्या तासात कळतं. प्रकल्प दाखवायला विभाग तयार नसेल, तर जवळचं दुसरं कॉलेज गाठा.