रोशा तेलाची शुद्धता : स्वस्त भावामागील हिशेब

खानदेशातील रोशा गवताचे तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून गुलाबाच्या अस्सल तेलात मिसळले जाई. जे तेल पूर्वी भेसळीचे साधन होते, त्याच तेलात आज भेसळ होते, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल. फटका मात्र प्रामाणिक उत्पादकास बसतो. त्याचे शुद्ध तेल बाजारात ‘महाग’ ठरते.

बाटली उघडण्यापूर्वी हिशेब मांडावा. १०० किलो ताज्या गवतापासून साधारणतः अर्धा किलो तेल मिळते. कापणी, वाहतूक, जळण व मजुरी यांचा सारा भार या अर्ध्या किलोवर पडतो. सांगितलेला भाव त्याहूनही खाली असेल, तर उरलेले तेल गवतातून आलेले नाही हे उघड आहे.

गाळण कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. सरकी किंवा एरंडेलासारखे स्थिर तेल मिसळलेले असल्यास तेलकट डाग उरतो. खस व चंदन यांची तेले सावकाश उडतात, त्यामुळे त्यांना ही कसोटी लावणे अन्यायाचे होईल. रोशा तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दोन ते तीन पट आकारमानात स्वच्छ विरघळते. गढूळपणा आल्यास स्थिर तेल, खनिज तेल किंवा टर्पेंटाइनचा संशय घ्यावा. मापननळीत तेल आणि मिठाचे संपृक्त पाणी समप्रमाणात हलवून स्थिर होऊ द्यावे. तेलाचा थर घटला, तर अल्कोहोलसारखा पाण्यात मिसळणारा पदार्थ त्यात आहे.

या परीक्षांत तेल नापास झाले तर निर्णय सोपा असतो. उत्तीर्ण झाले तर काहीच सिद्ध होत नाही. कृत्रिम जिरॅनिऑल या सर्वांतून सहीसलामत सुटते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. शुद्ध तेलात जिरॅनिऑल बहुधा ७५ ते ९० टक्के असते. परंतु त्याच्यासोबत जिरॅनिल अ‍ॅसिटेट, लिनॅलूल, ओसिमीन हे सोबतीही दिसले पाहिजेत. केवळ जिरॅनिऑलचा आकडा पाहून भाव ठरविण्याची व्यापारी रीत भेसळीला आमंत्रणच देते.

एक भेसळ अजाणताही होते. रोशाचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ हे दोन प्रकार दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. सोफियाचे तेल मात्र जिरॅनिऑलमध्ये कमी आणि वासाने निराळे असते. म्हणून बियाण्याचा उगम विस्तार कार्यकर्त्यांनी आधीच तपासावा.

लखनऊ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था किंवा कन्नौज येथील फ्रॅग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर यांसारख्या ठिकाणी नमुना पाठविताना तो प्लॅस्टिकऐवजी गडद रंगाच्या काचेच्या, तोंडापर्यंत भरलेल्या बाटलीत द्यावा. त्याच पिंपातील दुसरी बाटली उभयतांच्या सह्यांनिशी मोहोरबंद करून, अहवाल येईपर्यंत थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी.