दिवाळीच्या सुट्टीतले गणिताचे चार खेळ



सहामाही परीक्षा संपली. आता दिवाळीची सुट्टी! किल्ला करायचा, आकाशकंदील लावायचा, करंज्या-चकल्यांवर ताव मारायचा. पण आपल्या शाळेतल्या सगळ्यांचीच सुट्टी सारखी नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. कुणी दिवाळीच्या आधीच निघतं, कुणी भाऊबीज उरकून. ती परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.

मागे अशीच एक मुलगी परत आली. फळ्यावर ८४ भागिले २ असं मांडलं होतं. तिला काही ते सुटेना. खडू हातात धरून, मान खाली घालून उभी राहिली. वर्गात कुणीतरी हसलं. मग मी तिला विचारलं, "फडात ८४ मोळ्या पडल्यात. गाड्या दोन. कशा भरशील?" ती लगेच म्हणाली, "गुरुजी, दहा-दहाच्या राशी लावायच्या. आठ राशी आणि चार सुट्या. एका गाडीला चार राशी अन् दोन सुट्या. बेचाळीस!" हसणारा गप्प झाला. तिला गणित येत होतं. फळ्यावरची मांडणी तेवढी मोडली होती. ती आठ दिवसांत पुन्हा बसली.

तेव्हा यंदाचे खेळ निवडताना एक अट घातली आहे. वही नको, पुस्तक नको, पैसे नकोत. चिंचोके, खडे, एक काडी आणि पायाखालची माती एवढ्यावर खेळता आलं पाहिजे. घराच्या अंगणात आणि फडावरच्या कोपीपुढे, दोन्हीकडे!

खेळ पहिला : पणत्यांची दुप्पट

वसुबारसेला १ पणती लावायची. धनत्रयोदशीला २, नरकचतुर्दशीला ४, लक्ष्मीपूजनाला ८, पाडव्याला १६ आणि भाऊबीजेला ३२. दर दिवशी दुप्पट. रोज नव्या पणत्या घेतल्या, तर सहा दिवसांत एकूण किती लागतील?

बेरीज करा. ६३ येते. आता गंमत पाहा. पुढच्या दिवशी लावल्या असत्या ६४, आणि आपली बेरीज त्याहून बरोबर १ ने कमी. असं का बरं? शेजारच्या काकूंकडून एक पणती उसनी आणा. ती उसनी १ आणि पहिल्या दिवसाची १ मिळून झाल्या २. त्यात दुसऱ्या दिवसाच्या २ मिळवा, झाल्या ४. त्यात तिसऱ्या दिवसाच्या ४, झाल्या ८. असं करत शेवटी ६४ होतात. काकूंची पणती परत केली की उरल्या ६३!

तुमच्यासाठी प्रश्न : असंच दहा दिवस चाललं तर एकूण पणत्या किती?

खेळ दुसरा : रांगोळीचे ठिपके

आई किंवा ताई ठिपक्यांची रांगोळी काढते, तेव्हा म्हणते "पाच ते एक" किंवा "नऊ ते पाच". पाच ते एक म्हणजे मधल्या ओळीत ५ ठिपके, तिच्या वर ४, ३, २, १ आणि खालीही ४, ३, २, १. वरच्या ओळीचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. हे ठिपके एकूण किती?

मोजले तर २५ भरतात. पण न मोजताही सांगता येतं. मातीत ठिपके काढा आणि तिरके होऊन कोपऱ्याकडून पाहा. आता तिरप्या ओळी दिसतील. ओळी ५ आणि प्रत्येक ओळीत ठिपकेही ५. पाच पंचे पंचवीस! मुलग्यांनो, रांगोळी हे मुलींचं काम म्हणून लांब उभे राहू नका. ठिपके मांडल्याशिवाय ही गंमत कळायची नाही.

आता "नऊ ते पाच" घ्या. आधी नऊ ते एक पूर्ण धरा. नव्वे नव्वे एक्क्याऐंशी. त्यातलं वरचं टोक काढून टाका, म्हणजे ४, ३, २, १ मिळून १० ठिपके. खालचंही टोक काढा, आणखी १०. ८१ वजा २० म्हणजे ६१.

तुमच्यासाठी प्रश्न : "अकरा ते सहा" रांगोळीला ठिपके किती?

खेळ तिसरा : शेवटचा चिंचोका

हा दोघांचा खेळ. मध्ये १२ चिंचोके ठेवा. आळीपाळीने उचला. एका वेळी १, २ किंवा ३ चिंचोके उचलता येतात, त्याहून जास्त नाही. न उचलता "माझी पाळी सोडली" असंही म्हणता येत नाही. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती लागेल तो जिंकला.

आधी चार-पाच डाव खेळून बघा, मगच पुढचं वाचा.

खेळलात? आता युक्ती सांगतो. समोरच्या गड्याला मोठ्या मनाने म्हणा, "आधी तू उचल." त्याने १ उचलला तर तुम्ही ३ उचला. त्याने २ तर तुम्हीही २. त्याने ३ तर तुम्ही १. प्रत्येक वेळी दोघांचे मिळून ४ होतात. १२ चे ८ राहतात, ८ चे ४ राहतात आणि शेवटचा चिंचोका तुमचाच. चारचा पाढा पाठ असणं वेगळं आणि तो असा कामाला लावणं वेगळं, नाही का?

तुमच्यासाठी प्रश्न : चिंचोके १५ असतील तर आधी उचलावं की नंतर? आणि आधी उचलायचं तर पहिल्यांदा किती?

खेळ चौथा : कुठूनही निघा, ६१७४ ला या

हा खेळ शोधून काढला तो एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. नाशिकजवळ देवळालीला ते कितीतरी वर्षं शाळेत शिकवत होते. संख्यांशी खेळणं हाच त्यांचा छंद. १९४९ साली त्यांनी ही गंमत जगापुढे मांडली. आज जगभरचे गणिती ६१७४ या संख्येला "कापरेकर स्थिरांक" म्हणतात.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ५५५५ चालणार नाही. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा आणि वजाबाकी करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. देश स्वतंत्र झाला ते साल घेऊ, १९४७ :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आलं की नाही? आता ६१७४ चंच करून बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी इथेच थांबते! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथे येते. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लिहून चार अंक करायचे, हे विसरू नका.

तुमच्या जन्माचं साल घेऊन पाहा. कागद नसेल तर काडीने मातीत लिहा. पूर्वीची मुलं धूळपाटीवरच शिकत असत.

तुमच्यासाठी प्रश्न : प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातले अंक मिळवा. काय दिसतं?

जाता जाता

जी मुलं गावाबाहेर जाणार आहेत, त्यांनी यातले निदान दोन खेळ शिकून जावं. जी गावात राहणार आहेत, त्यांनी ते आपल्या मित्रमैत्रिणींना निघण्याआधी शिकवावेत. जाणाऱ्यांनी तिथे दुसऱ्या गावच्या मुलांना शिकवावेत आणि त्यांच्याकडून एखादं नवं कोडं घेऊन यावं. या भित्तीपत्रकाच्या खाली एक कोरा कागद डकवला आहे. तो त्या कोड्यासाठी आहे. तुम्ही परत येईपर्यंत तो कोराच राहील.

उत्तरं शाळा उघडल्यावर द्यायची असा आपला रिवाज आहे. पण तेव्हा काही जण इथे नसतील, म्हणून ती इथेच देत आहे. आधी सोडवा, मग पडताळा बरं का!

उत्तरे : (१) १०२३. अकराव्या दिवशी १०२४ लागल्या असत्या, त्याहून १ कमी. (२) १२१ वजा ३० म्हणजे ९१. (३) आधी उचलावं आणि पहिल्यांदा ३ उचलावेत. मग १२ उरतात व पुढची युक्ती तुम्हाला ठाऊक आहे. (४) अंकांची बेरीज नेहमी ९ च्या पाढ्यातली येते. न आल्यास वजाबाकी चुकली असं समजा आणि पुन्हा करा.