आभासी उड्डाण आणि डेटाचे गणित

सुट्टीत घरी गेल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण संगणकावर विमान उडवून पाहतात. वायुसेनेचे स्वप्न पाहणाऱ्याला कॉकपिट दिसणे म्हणजे पर्वणीच! पूर्वी असा खेळ एकदा संगणकात भरला की काम संपत असे. आता खेळ चालू असतानाच खालची जमीन इंटरनेटवरून येत राहते. त्याला किती डेटा लागतो, हे शाळेतल्या गणितानेच काढता येते.

जमीन नेटवरून का येते?

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची नवी आवृत्ती १८ ऑगस्ट २०२० रोजी आली. ती फ्रान्समधील असोबो स्टुडिओने तयार केली. त्यात बिंग नकाशांच्या आधारे सारी पृथ्वी उभी केली आहे. हा साठा २ पेटाबाइटपेक्षा जास्त, म्हणजे २० लाख जीबीहून अधिक आहे. तो घरी ठेवायचा तर ५०० जीबीच्या ४,००० डिस्क लागतील. म्हणून साठा कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि विमान जिथे असेल तिथलाच तुकडा आपल्याकडे येतो.

२०२० च्या आवृत्तीला डिस्कवर १५० जीबी जागा आणि किमान ५ एमबीपीएस वेग लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीला जागा ५० जीबीच पुरते, पण वेग किमान १० एमबीपीएस हवा. शिफारस ५० ची आहे आणि उत्तम अनुभवासाठी १०० सांगितले आहेत. म्हणजे डिस्कचे ओझे कमी झाले, ते नेटवर आले.

नळ आणि टाकी

नळ-टाकीची उदाहरणे आपण सोडवली आहेत. नेटचा वेग म्हणजे नळ आणि आपला डेटा पॅक म्हणजे टाकी. मोठा नळ चांगला, पण टाकीही तितक्याच लवकर रिकामी होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि पॅक गिगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. ५० एमबीपीएसला ८ ने भागले की सेकंदाला ६.२५ एमबी येतात. त्याला ३,६०० ने गुणले की तासाला २२,५०० एमबी, म्हणजे २२.५ जीबी. सोपी रीत अशी: एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात.

१० एमबीपीएस : तासाला ४.५ जीबी
५० एमबीपीएस : तासाला २२.५ जीबी
१०० एमबीपीएस : तासाला ४५ जीबी

ही कमाल मर्यादा झाली. नळ सतत पूर्ण उघडा नसतो. समुद्रावरून उंच जाताना डेटा कमी लागतो. मोठ्या शहरावरून खाली आणि वेगाने उडताना इमारतींचे बारकावे भराभर आणावे लागतात, तेव्हा तो जास्त लागतो.

आता घरचे उदाहरण घेऊ. मोबाइलवर रोज २ जीबी मिळतात आणि आपण हॉटस्पॉट लावून खेळतो. १० एमबीपीएसचा नळ पूर्ण उघडा राहिला तर २६ मिनिटे ४० सेकंदांत पॅक संपेल. मग त्याच फोनवर होणारे आईचे काम आणि ताईचा ऑनलाइन क्लास, दोन्ही अडतील.

नळ मोठा असला तरी धरणातून पाणी सुटायला हवे. २०२४ ची आवृत्ती आली त्या दिवशी सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की वेगवान नेट असूनही अनेकांना खेळ सुरू करता आला नाही. त्यांची चाचणी २ लाख कृत्रिम खेळाडूंवर झाली होती, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले.

उपाय

१. एकाच विमानतळावर टेक-ऑफ आणि लँडिंगचा सराव करा. एकदा आलेली जमीन डिस्कवर साठवण्याची सोय खेळात असते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा आणावी लागत नाही.
२. २०२० च्या आवृत्तीत सेटिंगमध्ये जाऊन डेटाची मर्यादा ठरवता येते. शहरांचे छायाचित्रांवरून केलेले बारकावे बंद करता येतात.
३. ‘फ्लाइटगिअर’ हा मोफत सिम्युलेटर आहे. त्यात हव्या त्या प्रदेशाची जमीन आधीच उतरवून ठेवता येते.

खाली जमीन साधी दिसली तरी वेग, उंची आणि दिशा सांभाळण्याचा सराव तेवढाच होतो. आणि खरा वैमानिक इंधनाचा हिशेब केल्याशिवाय विमान हलवत नाही. आपणही आई-बाबांकडे मोठा पॅक मागण्याआधी कागदावर हा हिशेब मांडू या.

स्वाध्याय : घरात महिन्याला १०० जीबीचा पॅक आहे. इतरांना ६४ जीबी लागतात. २० एमबीपीएसचा पूर्ण वेग धरला, तर महिन्यात किती तास उडता येईल? (उत्तर : ४ तास)