शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि पोलिसांचें कर्तव्य

ज्या गोष्टीची आपणांस भीति वाटते ती बेकायदेशीरच असली पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचें उदाहरण फार उपयोगी पडतें.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. अमेरिकेंत पायाच निराळा आहे. तेथील राज्यघटनेच्या १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरविलें, व तो घराबाहेरही चालतो असें २०२२ सालीं सांगितलें. मात्र पिस्तूल उघडपणें कमरेस लावून फिरण्याविषयीं प्रत्येक संस्थानाचे नियम भिन्न आहेत.

ओहायो संस्थानांत अशी मोकळीक आहे. तेथील टोलेडो शहरीं २०१० सालीं एक गृहस्थ कुटुंबासह कुत्र्यास घेऊन फिरावयास निघाले होते. त्यांच्या कमरेचें पिस्तूल कोणासही दिसत होतें. एका मोटारसायकलस्वारास हें खपलें नाहीं; त्यानें पोलिसांस फोन केला. पोलीस अधिकाऱ्यानें येऊन पिस्तूल काढून घेतलें, गृहस्थांच्या हातांत बेड्या घातल्या व त्यांस सुमारें अर्धा तास गाडींत बसवून ठेविलें. गृहस्थांनीं दावा लावला. २०१५ सालीं अपील-न्यायालयानें मत दिलें, तें असें: जेथें शस्त्र उघड बाळगणें कायद्यास मान्य आहे, तेथें केवळ शस्त्र दिसलें एवढ्यावरून कोणास अडकवून ठेवतां येत नाहीं. अधिकाऱ्यानें जवळ जावें, बोलावें, लक्ष ठेवावें. परंतु बेड्या घालण्यास गुन्ह्याचा सकारण संशय हवा.

आतां पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. ता. ७ जुलै २०१६ रोजीं डॅलस शहरांत एका मोर्चाच्या वेळीं गोळीबार होऊन पांच पोलीस ठार झाले. मोर्चांत कांहीं जण उघडपणें रायफली घेऊन आले होते. त्या गोंधळांत पोलिसांनीं अशाच एका निरपराध मनुष्याचें छायाचित्र संशयित म्हणून प्रसिद्ध केलें. सज्जन कोण व मारेकरी कोण, हें क्षणांत ओळखणें किती कठीण, याचा विचार वाचकांनीं करावा.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया संस्थानांत पूर्वीं भरलेली बंदूक उघड वागविण्यास मुभा होती. १९६६ सालीं ओकलंड शहरीं स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या मागोमाग फिरूं लागले. पोलीस आपल्या लोकांशीं कसे वागतात हें त्यांस पाहावयाचें होतें. त्यांस आळा घालणारें विधेयक येतांच, ता. २ मे १९६७ रोजीं सुमारें तीस जण सशस्त्र होऊन निषेधार्थ कायदेमंडळाच्या इमारतींत शिरले. त्याच वर्षीं गव्हर्नर रेगन यांच्या सहीनें ती मुभा गेली. कोणाच्या हातीं बंदूक आहे हें पाहून कायदा बदलला, असें कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणें सोपें नाहीं.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, शेजाऱ्याची भीति हा शेजाऱ्याचा गुन्हा नव्हे. आणि हा विवेक पोलिसानें सर्व वर्णांच्या लोकांविषयीं सारखाच राखिला पाहिजे. परंतु हक्क आहे म्हणून तो चारचौघांत मिरविलाच पाहिजे, असेंही नाहीं. गेथशेमाने बागेंत पेत्राजवळ तरवार होती. ती त्यानें उपसली, तेव्हां प्रभूनें त्यास ती पुनः म्यानांत घालावयास सांगितलें. शस्त्र जवळ असतां हात आवरणें, हें नागरिकानें व पोलिसानें, दोघांनींही शिकावयाचें आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं बंदूक नाहीं. पण जीभ आहे, मूठ आहे, व उद्यां कोणाच्या हातीं अधिकारही येईल. तेव्हां हा धडा त्यांनीं आतांपासूनच गिरवावा.