शेजारच्या कारखान्यांचा अणुवीज केंद्राला धोका?

प्रश्न : आम्ही बोईसरला राहतो. तारापूर एमआयडीसीत मोठा अपघात झाला, तर अणुवीज केंद्राला धोका पोचेल का?

उत्तर : केंद्राच्या सुरक्षेचा विचार करताना आसपास काय साठवलंय, किती आणि किती अंतरावर, हे तपासावंच लागतं. स्फोटाचा धक्का अंतराबरोबर झपाट्याने विरतो. मला जास्त काळजी वाटते ती क्लोरिनसारख्या विषारी वायूची. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. नियंत्रण कक्षातली माणसंच गुदमरली, तर अणुभट्टी सांभाळणार कोण? म्हणून तिथे बाहेरची हवा तत्काळ बंद करण्याची सोय हवी. रस्त्यावरचे टँकरही हिशेबात धरायला हवेत. तारापूरचं केंद्र १९६९पासून चालू आहे. भोवतालची वस्ती आणि उद्योग मात्र वाढत गेले. जवळ नवा मोठा रासायनिक साठा आला, की ही तपासणी पुन्हा व्हायलाच हवी.