गुन्हेगार जन्मतो की घडतो?

१८७६ साली इटलीतील लोम्ब्रोसो या वैद्याने ग्रंथ लिहिला. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी-जबड्यावरून तो ओळखता येतो, असे त्याचे मत. हिंदुस्थानात तर इंग्रज सरकारने १८७१ सालीच कायदा करून जमातीच्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायद्याने पुसला गेला १९५२ साली. जन्मावरून माणूस ठरविणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

१९६१ साली अमेरिकेत बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. काहींच्या देखत मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडविले. मग त्या मुलांना तशाच बाहुल्याजवळ सोडले. अनेकांनी तसेच बडविले, शब्दही तेच! शांत माणूस पाहिलेल्या मुलांत हे फार थोडे दिसले.

खरी गोष्ट पुढेच आहे. १९६५ च्या प्रयोगात, चित्रपटातील मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहून मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. पण बक्षीस देऊ म्हणताच तेच करून दाखविले. म्हणजे शिकली होती, दाखवीत नव्हती एवढेच.

तेव्हा घरात बाप आईवर हात उगारतो आणि पोर कोपऱ्यात गप्प बसते, एवढ्यावरून ते काही शिकले नाही असे समजू नका.